मोहोळाची घरे, देवीचे वण

दाटीवाटीने असलेली छिद्रे पाहून काही माणसांच्या अंगावर काटा येतो, मळमळते, नजर वळवावीशी वाटते. या त्रासाला ‘ट्रायपोफोबिया’ म्हणतात. हा शब्द 2005 च्या सुमारास इंटरनेटवरच घडला. ग्रीक भाषेत ‘ट्रिपा’ म्हणजे छिद्र. कशाकशाने हा त्रास होतो त्याची यादी आता बहुतेकांना ठाऊक असते: कमळाचा बिया भरलेला गट्टा, मधमाशीचे पोळे, स्पंज, पोवळ्याचा खडक, तव्यावर बुडबुडे फुटून जाळी पडलेले धिरडे. यातल्या पहिल्या दोन वस्तू चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या घरच्या आहेत. इथल्या मालगुजारी तलावांत कमळ वाढते, इथल्या जंगलात आग्या मोहोळ लागते आणि पिढ्यानपिढ्या माणसे या दोन्हींत हात घालून पोट भरत आली आहेत. म्हणून या भीतीचा इतिहास शोधायचा तर प्रयोगशाळेइतकाच हा मुलूखही विचारात घ्यायला हवा. माझे म्हणणे असे की या जिल्ह्यांच्या भूतकाळात छिद्रांच्या दाटीची खरी दहशत माणसाच्या कातडीपुरती होती. कातडीबाहेर तीच दाटी म्हणजे वाचायची खूण होती, आणि ज्याला ती वाचता येई त्याला तिचा जाच नव्हता.

आधी संशोधन काय सांगते ते पाहू. 2013 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातील जेफ कोल आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी या विषयावरचा पहिला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या माणसांपैकी सुमारे 16 टक्के लोकांना कमळाच्या गट्ट्याचे चित्र अस्वस्थ करत होते. त्यांचे स्पष्टीकरण धोक्याचे होते: अशा चित्रांत गडद आणि फिकट भाग ठरावीक अंतराने तीव्रपणे आलटून पालटून येतात, आणि निळ्या वलयांच्या ऑक्टोपससारख्या काही विषारी प्राण्यांच्या अंगावरही तशीच रचना असते. म्हणजे डोळा नकळत विषाची आठवण काढतो. 2018 मध्ये केंट विद्यापीठातील टॉम कुप्फर यांनी आन ले यांच्यासह वेगळी बाजू मांडली. हा त्रास असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गटांना त्यांनी दोन प्रकारची चित्रे दाखवली. पुरळ, देवीचे वण, अंगाला चिकटलेल्या गोचिड्या ही चित्रे दोन्ही गटांना नकोशी वाटली. विटेतली भोके आणि कमळाचा गट्टा मात्र फक्त त्रास असलेल्यांनाच सहन होईना. या भावनेला त्यांनी भीतीपेक्षा किळस म्हटले आणि तिचे मूळ रोगापासून दूर राहण्याच्या जुन्या सवयीत शोधले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या अधिकृत रोगसूचीत ट्रायपोफोबियाला स्वतंत्र आजार म्हणून जागा नाही. तरीही ज्याच्या पोटात कालवते त्याला हा त्रास खराच असतो, आणि पुढची सगळी चर्चा ते गृहीत धरून आहे.

चंद्रपूर शहराच्या जन्माची कथाच या प्रश्नाला भिडते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा, परंपरेने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, याचे सर्वांग गाठींनी आणि फोडांनी भरले होते. मराठीत खांडूक म्हणजे गळू, ठसठसणारी गाठ. राजाच्या नावात तो शब्द सहज ऐकू येतो. कुठलेही औषध लागू पडेना. शिकारीला गेलेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्राशी आला, तिथे एका खड्ड्यातले पाणी प्याला, हातपाय आणि तोंड धुतले, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोपला. सकाळी राणीने पाहिले तर अंगावरच्या गाठी ओसरल्या होत्या. दोघे पुन्हा त्या जागी गेले. गवत आणि वाळू बाजूला केली तेव्हा खडकात गाईच्या खुरांचे पाच ठसे निघाले, पाचही पाण्याने भरलेले, उपसले तरी न आटणारे. तेच अचलेश्वराचे तीर्थ. पुढे तिथेच राजाच्या कुत्र्यावर उलटलेला ससा, त्याच्या कपाळावरचा पांढरा चांद आणि त्या धावेच्या वाटेवर बांधलेला चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट ही कथा येते. मेजर ल्युसी स्मिथ यांनी 1869 च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात ही हकिकत नोंदवली. तिला इतिहास म्हणता येणार नाही, पण लोकांना काय भयंकर वाटे आणि काय पवित्र वाटे याचा ती पुरावा आहे. एकाच कथेत दोन दाट्या समोरासमोर आहेत: अंगावरच्या फोडांची आणि खडकातल्या खळग्यांची. पहिली राजाला माणसांतून उठवते, दुसरी त्याला बरे करते. आकार जवळपास तोच आहे. फरक आहे तो कशावर उमटला याचा.

आता पोळे जवळून पाहू. आग्या मोहोळाच्या माशा उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली किंवा कड्याच्या पोटाला एकच मोठे पोळे लटकवतात. ते मीटरभर रुंद, कधी त्याहून मोठे असते. पण खालून पाहणाऱ्याला त्यात एकही छिद्र दिसत नाही. पोळ्यावर माशांचा जिवंत पडदा असतो, थरावर थर चढलेला, आणि गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून लाटा सरकतात. घरे दिसतात ती धूर झाल्यावर, माशा बाजूला सरल्यावर. इथे धोक्याच्या सिद्धांताला पहिली अडचण येते. मध काढणाऱ्याच्या अनुभवात मृत्यूचे रूप सपाट, काळपट आणि हलते असते. सहा बाजूंच्या घरांची ती दाटी नजरेला पडली की सर्वांत वाईट वेळ टळलेली असते. त्यानंतर वाचन सुरू होते. फांदीला चिकटलेल्या वरच्या कोपऱ्यात पोळे सर्वांत जाड, तिथेच मध. ज्या घरांवर मेणाचे पातळ पांढुरके झाकण बसले आहे त्यातला मध पिकलेला. उघड्या घरांत तळाशी नुसती चमक असेल तर रस अजून पाणचट, तो काढला तर आंबणार. त्याखाली फुगीर झाकणांची ओळ म्हणजे कोश, आणि उघड्या घरांत वळून पडलेल्या पांढऱ्या अळ्या म्हणजे पुढच्या हंगामाच्या माशा. मशालीच्या उजेडात, फांदीवर एका हाताने तोल सावरत, हे सारे काही क्षणांत ओळखायचे. ज्या चित्राने आज कुणाला शिसारी येते, ते या माणसासाठी ओळीने लिहिलेले पान होते.

हा व्यवसाय जुना असला तरी कागदावर तो उशिरा आला आणि परक्याच्या मालमत्तेच्या यादीत आला. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि 1854 मध्ये चांदा इंग्रजांकडे गेले. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारचे झाले. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या करताना कातडी, सुळे, शिंगे, रेशीम, कोश यांच्याच रांगेत मध आणि मेण बसवले आहे. ज्याच्या आजाने त्या झाडाचे पोळे उतरवले होते त्याला आता ते सरकारच्या परवानगीने उतरवायचे होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने हे उलटवले: गौण वनोपजाच्या यादीत बांबू, तेंदू, लाख यांच्याबरोबर मध आणि मेण आले, आणि त्यांची मालकी वनहक्कधारकांची ठरली. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या गावात मधाचा प्रश्न त्याआधीच चर्चेला आला होता. जुन्या पद्धतीत पाल्याच्या पेटत्या मशालीने माशा होरपळत आणि अख्खे पोळे कापले जाई, अळ्यांसकट. गावाच्या अभ्यासगटात त्यावर बोलणे झाले आणि वर्ध्याचे मधमाशीतज्ज्ञ डॉ. गोपाळ पालीवाल यांच्या मदतीने माशा न मारता फक्त मधाचा भाग काढण्याची रीत पुढे आली. ही रीत सर्वस्वी घरांच्या वाचनावर उभी आहे. कुठली घरे मधाची आणि कुठली पिल्लांची हे ज्याला कळते तोच सुरी नेमक्या रेषेवर थांबवू शकतो.

कमळाचे थोडक्यात सांगता येईल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो मालगुजारी तलाव आहेत, आणि तलावांतले मासे, कंद, कमळ यांवर ढिवर समाजाचा मोठा भाग जगत आला. गट्ट्यातली बी हिरवी आणि घट्ट बसलेली असली तर सोलून खाण्याजोगी. गट्टा तपकिरी पडला, भोके रुंदावली आणि बी आत खुळखुळू लागली की ती वाळवून ठेवायची. इथेही भोकाचा आकार म्हणजे पिकाची वेळ. स्वयंपाकघरात तर ही दाटी सरळ कौतुकाची होते. अनारशाला जाळी पडली नाही तर करणारीचा जीव हिरमुसतो. जाळीदार हे विशेषण मराठीत अनारशाची आणि घावनाची प्रशंसा करते.

धोक्याच्या सिद्धांतावर आणखी एक प्रश्न या जंगलातून उभा राहतो. ताडोबाच्या रानात ठिपक्यांचे सर्वांत ओळखीचे जनावर चितळ आहे, आणि चितळाइतके निरुपद्रवी कोण? बिबट्यालाही ठिपके आहेत, घोणसाच्या पाठीवर लंबगोल डागांच्या रांगा आहेत, हे खरे. पण ज्याच्या नावाने गाव दार लावून घेते तो वाघ पट्ट्यांचा. रात्री अंथरुणात शिरणाऱ्या मण्यारावर आडवे पट्टे. नागाच्या अंगावर मोजण्यासारखे काही नाहीच. या रानात पिढ्यानपिढ्या जगलेल्या डोळ्याने ठिपक्यांच्या दाटीवरून विष ओळखायचे ठरवले असते तर तो चितळाला घाबरला असता आणि मण्यारावर पाय देऊन गेला असता. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत हे गणित एका रानापुरते बसवता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी तेवढ्याने ते गणित इथे उपयोगी होत नाही.

रोगाचा सिद्धांत मात्र इथे घट्ट बसतो, आणि त्याचे कारण देवी. मराठीत या रोगाचे रूढ नावच देवी. रोग म्हणजे देवी आणि देवी म्हणजे रोग. वैदर्भीय गावात आजही कांजिण्या आल्या तरी माता आली असे म्हणतात, कडुलिंबाचा पाला टांगतात, घरात फोडणी देत नाहीत. गावाबाहेर मातामायचे ठाणे असते, शेंदूर लावलेल्या दगडांचे. हा सगळा आचार किळसेला आवर घालणारा होता असे मला वाटते. पू भरलेल्या फोडांनी मढलेल्या लेकराजवळ बसायचे, त्याला वारा घालायचा, त्याच्या तोंडात पाणी सोडायचे, हे शरीराच्या पहिल्या ओढीविरुद्ध आहे; शरीर मागे सरकायला सांगते. त्या फोडांना देवीचे येणे म्हटले की जवळ बसणे सेवा होते. ज्यांच्या अंगात ओढ तीच आहे त्यांनीच तिच्यावर असा बांध घातला. म्हणून देवाचे नाव दिले म्हणजे इथल्या लोकांना भय वाटत नव्हते, असा उलटा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. रोग ओसरल्यावर चेहऱ्यावर खड्डे राहत, काहींचे डोळे जात, आणि त्या वणांवरून पुढे लग्नाच्या बैठकीत माणूस जोखला जाई.

किळस भयापेक्षा किती खोल असते याचे एक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे आहे. बाबा आमटे यांना गांधीजींनी अभयसाधक म्हटले होते, कारण रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांशी ते एकटे भिडले होते. त्याच बाबांनी पावसात पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला, जखमांत किडे पडलेला तुळशीराम पाहिला आणि ते पळाले. नंतर परतले, त्याची शुश्रूषा केली, आणि त्या पळण्याचा सल त्यांना सुटेना. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती आणि पुढे वरोऱ्याजवळचे आनंदवन त्यातून उभे राहिले. बंदुकीपुढे न डगमगणारा माणूस कातडी पोखरलेली पाहून हलला. कोल आणि विल्किन्स यांच्यापेक्षा कुप्फर आणि ले यांच्या बाजूने हा मोठा पुरावा वाटतो. पुढे आनंदवनात ज्यांनी वर्षानुवर्षे जखमा धुतल्या त्यांच्या हातांनी हेही दाखवले की ही किळस सरावाने आणि ज्ञानाने मागे हटते.

यावर कुणी म्हणेल की मध काढणाऱ्यांत आणि ढिवरांतही काहींना ही भीती असेलच, पण तिला शब्द नव्हता म्हणून ती नोंदली गेली नाही. शब्द नसणे म्हणजे भावना नसणे नव्हे. आक्षेप योग्य आहे. पण मराठीत शब्द नाही असे मुळात नाही. भीती वेगळी, किळस वेगळी, शिसारी वेगळी, आणि अंगावर काटा येणे आणखी वेगळे, हे भेद भाषेने कधीचे केले आहेत. शिवाय छिद्रांच्या दाटीचे वाक्प्रचारही आहेत. गोळ्यांनी देहाची चाळण होते. दुःखाने काळजाला घरे पडतात. घरे, म्हणजे जो शब्द पोळ्याला तोच. धान्य चाळणाऱ्या चाळणीला आणि मध साठवणाऱ्या घरांना भाषेने निर्धास्तपणे हाताळले, आणि तीच छिद्रे मांसात उतरली की त्यांतून सर्वांत मोठ्या वेदनेची प्रतिमा घडवली. सीमा कुठे आहे हे बोलणाऱ्यांना ठाऊक होते.

मग विटेतल्या भोकांनी आणि कमळाच्या गट्ट्याने आज इतक्यांना का त्रास होतो? स्वभावतः संवेदनशील माणसे सगळीकडे आणि सगळ्या काळी असणार. पण दोन गोष्टी बदलल्या. एक, वस्तू हातातून सुटली. मध बाटलीत येतो, कमळाची बी पाकिटात येते, आणि पोळे किंवा गट्टा फोनच्या पडद्यावर जवळून टिपलेला, वास, वजन आणि उपयोग यांपासून तुटलेला दिसतो. वाचायला काही उरत नाही, फक्त आकार उरतो. दुसरी, इंटरनेटवर ही चित्रे मुद्दाम कातडीवर चिकटवून फिरवली जातात. कुणाच्या तळहातावर कमळाचा गट्टा, कुणाच्या गालावर पोळे. म्हणजे जी सीमा काळजाच्या आणि मोहोळाच्या घरांमध्ये होती तीच पुसली जाते. ज्या कातडीवरून हे भय उगम पावले तिच्यावरच त्या निरुपद्रवी वस्तू नेऊन बसवल्यावर त्यांनाही त्या भयाचा रंग चढला तर नवल नाही.

कातडीवरची दाटीही वाचता येते, हे या देशाने एकदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. हिंदुस्थानात पहिली देवीची लस मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, आणि 1973 च्या शरदापासून मोठ्या मोहिमांत घरोघर शोध होऊ लागला. शोध घेणाऱ्याच्या हातात एक कार्ड असे: देवी आलेल्या लेकराचे चित्र, तोंड आणि हातपाय फोडांनी भरलेले. आजच्या भाषेत ट्रायपोफोबियाचे त्याहून बोलके चित्र सापडणार नाही, आणि ते शाळेत, बाजारात, विहिरीवर माणसांच्या समोर धरले जाई, असे कुठे पाहिले आहे का, असे विचारत. फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर जास्त आणि सगळे एकाच अवस्थेत असतील तर देवी. पोटापाठीवर जास्त आणि काही कोवळे, काही सुकलेले असतील तर कांजिण्या. हा फरक लाखो लोकांनी त्या चित्रावरून शिकून घेतला. देशातली शेवटची रुग्ण 24 मे 1975 रोजी आसामच्या करीमगंजमध्ये आढळली, एप्रिल 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि 8 मे 1980 रोजी सारे जग.

त्या मोहिमेची खूण चांद्या-गडचिरोलीत पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या दंडावर सापडते. लस टोचलेल्या जागी पैशाएवढा गोल चट्टा, आणि नीट पाहिले तर त्यात बारीक बारीक खळगे, एकमेकांना लागून. गावात देवी डॉक्टर आला की आया पोरांच्या बाह्या वर करून तोच खळग्यांचा चट्टा त्याच्यासमोर धरत, आणि तो दिसला की डॉक्टर पुढच्या दाराकडे वळे.